अण्णांची झोप, आजीचा विसर आणि एक संशोधन-प्रश्न

मागच्या सुट्टीत तामलवाडीला गेलो होतो, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, "आईला झालं तसं मला बी व्हईल का रं?"

आजीला शेवटची काही वर्षं डिमेन्शिया होता. रात्री दोनला उठून अंगण झाडायची, दिवसा झोपायची आणि अण्णांनाच "तू कुणाचा रं?" म्हणायची. अण्णा आता ५६ वर्षांचे आहेत. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दारं धरता धरता पहाट होते. तुळजापूरच्या देवीची निद्रा वर्षातून तीनदा ठरलेली असते, आमच्याकडची झोप मात्र लाईटच्या वेळापत्रकावर.

अण्णांच्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, रक्तातून आलेलं किती आणि सवयीतून आलेलं किती? पेटची तयारी करताना तुम्हीही असाच एखादा विषय धरून बसला असाल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी झोप. आजीची झोप बिघडली म्हणून मेंदू बिघडला, की मेंदू आधीच बिघडत होता म्हणून झोप गेली? अल्झायमरमधले मेंदूतले बदल विसराळूपणा दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. त्यामुळे सत्तरीतल्या माणसांना आज झोप विचारली आणि पाच वर्षांनी स्मृती तपासली, तर कारण कुठलं आणि लक्षण कुठलं हे कळतच नाही. यालाच उलटी कार्यकारणता म्हणतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

यावर उपाय म्हणजे बराच आधीपासून मोजायला लागणं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल-२ अभ्यासात ते झालं. २०२१ साली आलेल्या विश्लेषणात ७,९५९ जणांची माहिती होती, पाठपुरावा सुमारे २५ वर्षांचा, आणि त्यात ५२१ जणांना डिमेन्शिया झाला. पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसला. इथं थांबा. ३० टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या तिसांना होणार असं नाही. शंभरात सहा असतील तर साधारण आठ होतील. अण्णांना हे असंच सांगितलं.

तरीही हा संबंधच आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यात उच्च रक्तदाब आहे, ऐकू कमी येणं आहे, पण झोप नाही.

आता जनुक. एपीओई जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत, ई-२, ई-३ आणि ई-४. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. ई-४ ने अल्झायमरचा धोका वाढतो हे १९९३ पासून माहीत आहे, पण ई-४ असूनही आजार न होणारे पुष्कळ आहेत आणि नसूनही होणारे आहेत. आजीकडे ई-४ ची एक प्रत होती असं धरलं, तरी तिच्याकडून ती अण्णांकडे यायची शक्यता निम्मीच. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत ई-४ चं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं, अमेरिकेतल्या मोनोंगहेला खोऱ्यात ११ टक्के. म्हणून परदेशातला आकडा आपल्या गावाला जसाच्या तसा चिकटवू नका.

जनुक वाईट असेल तर सवयींना काही अर्थ आहे का? यूके बायोबँकच्या २०१९ च्या अभ्यासात जनुकीय धोका जास्त असलेल्यांपैकी चांगली जीवनशैली असणाऱ्या १.१३ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला, वाईट असणाऱ्या १.७८ टक्के लोकांना. मात्र त्या 'जीवनशैली'त सिगारेट, व्यायाम, आहार आणि दारू एवढंच होतं, झोप मोजलीच नव्हती. बातमी वाचून हे कळत नाही, त्यासाठी पेपरमधली पद्धत वाचावी लागते.

माझ्या मते खरी पोकळी मोजण्यात आहे. "रोज किती तास झोपता?" हा प्रश्न लंडनच्या कारकुनाला चालतो. अण्णांनी कुठल्या आठवड्याचं उत्तर द्यायचं? मुंबईच्या आयआयपीएसने चालवलेल्या लासी सर्वेक्षणात देशभरातले ४५ च्या वरचे ७० हजारांहून जास्त लोक आहेत आणि त्याला जोडलेल्या स्मृतीच्या अभ्यासात ६० वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. या माहितीवर काम करायचं असेल, तर प्रश्नावली आधी उघडा. त्यात पाळीची झोप पकडता येते का, ते बघा.

अण्णांना मी आधी बीपी तपासायला नेलं. वाढलेलं निघालं, गोळी सुरू आहे. परवा फोनवर झोपेचं विचारलं, तर म्हणाले, "या आठवड्यात दिवसा लाईट हाय."