मैदान कोणाच्या नावावर?

नैर्ऋत्य लंडनमधलं प्लाउ लेन हे फुटबॉलचं मैदान 1998 मध्ये सेफवे या सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं. विम्बल्डन एफसी हा क्लब 1912 ते 1991 त्या मैदानावर खेळला होता. नगरपालिकेने पूर्वी ही जागा विकताना एक अट घातली होती: इथे खेळ बंद झाला तर पालिका ती मूळ किमतीला परत घेईल. पुढे क्लबच्या मालकाने पालिकेला पैसे देऊन ती अट काढून घेतली, आणि खेळाची जागा बाजारभावाने विकायला मोकळी झाली. स्थानिकांच्या विरोधामुळे सुपरमार्केट काही झालं नाही. 2002 मध्ये स्टँड पाडले आणि तिथे सदनिका उभ्या राहिल्या. इमारतींना क्लबच्या जुन्या खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची नावं दिली आहेत.

फुटबॉल क्लबची मालकी चाहत्यांकडे असावी की नाही, हा वाद इंग्लंडमध्ये गेली पंचवीस वर्षं चालू आहे. या वादात बोललं जातं ते बहुतेक वेळा शेअर्सबद्दल, अध्यक्षाच्या खुर्चीबद्दल, खेळाडूंच्या पगाराबद्दल. चाहत्यांनी चालवलेल्या क्लबांचा इतिहास वाचताना मला मात्र सगळ्याच्या मुळाशी जमीन दिसते. ती हातची गेली की बाकीचं टिकवणं फार कठीण होतं.

विम्बल्डन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेनिस येतं, पण तिथला फुटबॉल क्लब 1889 चा. वर्षानुवर्षं तो हौशी आणि स्थानिक पातळीवरच्या स्पर्धांत खेळत राहिला. 1977 मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि 1986 मध्ये, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. 1988 च्या एफए कप अंतिम सामन्यात लॉरी सांचेझच्या एकमेव गोलवर त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवलं. गोलरक्षक डेव्ह बीझंटने त्या सामन्यात पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात अडवली गेलेली ती पहिलीच पेनल्टी.

पुढच्याच वर्षी हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची दुर्घटना झाली. तिच्यात 97 लिव्हरपूल-समर्थकांचे प्राण गेले. तिच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या श्रेणीतल्या क्लबना उभ्याचे स्टँड काढून सगळीकडे खुर्च्या बसवणं भाग पडलं. प्लाउ लेन लहान होतं, जुनं होतं. इथे नवं बांधकाम परवडणार नाही असं संचालकांनी ठरवलं आणि 1991 मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. सोय तात्पुरती आहे असं सांगितलं गेलं. ती बारा वर्षं चालली. मैदान नसलेला क्लब म्हणजे एक नाव, एक करार आणि लीगमधली एक जागा, आणि या तिन्ही गोष्टी कुठेही उचलून नेता येतात. आधी डब्लिनची चर्चा झाली. मग 2001 मध्ये घोषणा झाली की क्लब मिल्टन कीन्सला, सुमारे 90 किलोमीटरवर, जाणार.

चाहत्यांनी निदर्शनं केली, वृत्तपत्रांतून लिहिलं, फुटबॉल संघटनेचे दरवाजे ठोठावले. अखेर तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला. 28 मे 2002 रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. चाहत्यांनी विम्बल्डनमध्ये नव्याने क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या अहवालात नमूद होतं. हे वाक्य विम्बल्डनवासी आजही विसरलेले नाहीत.

निकालानंतर दोन दिवसांतच विम्बल्डनमध्ये नव्या क्लबचा संकल्प जाहीर झाला. नाव ठरलं एएफसी विम्बल्डन. संघ नव्हता, मैदान नव्हतं, कुठल्या लीगमध्ये जागा नव्हती. 29 जून रोजी विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर निवड चाचणी ठेवली. ज्याला वाटेल त्याने यावं. 230 जण आले. शेजारच्याच फॉक्स अँड ग्रेप्स या पबमध्ये एकोणिसाव्या शतकात मूळ क्लबचे खेळाडू कपडे बदलत असत. चाचणीनंतर दोन आठवड्यांच्या आत सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. एएफसी विम्बल्डन 4-0 ने हरलं. तो सामना पाहायला 4,657 माणसं आली होती. काही आठवड्यांपूर्वी अस्तित्वातच नसलेल्या संघासाठी एवढी माणसं तिकीट काढून आली, यावरून त्या भागात काय तोडलं गेलं होतं याचा अंदाज येतो.

नवा क्लब चालवायला ‘डॉन्स ट्रस्ट’ ही चाहत्यांची संस्था होती. वर्षाची वर्गणी 25 पौंड, आणि एका सभासदाला एकच मत. कोणी कितीही पैसे घातले तरी मत वाढत नाही. ही रचना मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. इंग्लंडमधले बरेचसे चाहता-ट्रस्ट कायद्याच्या दृष्टीने सहकारी धर्तीच्याच संस्था आहेत. त्यांची परंपरा 1844 मध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या विणकरांनी काढलेल्या दुकानापर्यंत जाते. आपल्याकडचा 1904 चा सहकार कायदा आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला साखर कारखाना यांचं मूळही त्याच विचारात आहे. सहकार काय उभं करू शकतो आणि तो कसा बिघडू शकतो, या दोन्ही गोष्टी आपण जवळून पाहिल्या आहेत.

एएफसी विम्बल्डनने खेळायला तळापासून सुरुवात केली. फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004 या काळात हा संघ लीगचे सलग 78 सामने अपराजित राहिला. 2011 मध्ये लूटनविरुद्धचा प्ले-ऑफ पेनल्टींवर जिंकून तो फुटबॉल लीगमध्ये परतला. नऊ वर्षांत पाच बढत्या झाल्या होत्या. मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबने 2004 मध्ये नाव बदलून एमके डॉन्स केलं. 2007 मध्ये जुन्या क्लबच्या करंडकांचा वारसा विम्बल्डनच्या मर्टन पालिकेकडे आला.

या प्रवासाचा एक कमी सांगितला जाणारा भाग आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नव्या क्लबने सुरुवातीलाच शेजारच्या किंग्स्टनमधल्या किंग्समेडो मैदानात पाय रोवले आणि 2003 मध्ये चाहत्यांनी भागभांडवल गोळा करून ते मैदान घेतलं. ते मुळात किंग्स्टोनियन या 1885 च्या छोट्या क्लबचं घर होतं, पण आर्थिक संकटात त्याच्या हातून गेलं होतं. विम्बल्डनने किंग्स्टोनियनला भाडेकरू म्हणून ठेवलं, नीट वागवलं. पण प्लाउ लेनला परतायचं तर पैसा हवा, आणि पैशासाठी किंग्समेडो चेल्सीला विकावं लागलं. 2017 मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. ज्यांचं घर हिरावलं गेलं होतं, त्यांच्याच परतीच्या वाटेवर दुसरा एक क्लब बेघर झाला. विम्बल्डनच्या बऱ्याच चाहत्यांना ही गोष्ट बोचते आणि बोचलीच पाहिजे. मालकी चाहत्यांची झाल्याने जमिनीचं गणित सोपं होत नाही. फक्त निर्णय घेणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो.

नव्या स्टेडियमसाठी जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावरची, ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या स्टेडियमची जागा मिळाली. बांधकाम सुरू झालं आणि 2019 च्या शेवटी लक्षात आलं की हिशेबात मोठा खड्डा आहे. बाहेरचे गुंतवणूकदार आणून त्यांना हिस्सा द्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. सभासद अस्वस्थ झाले. त्यांच्यापैकीच काहींनी पर्याय मांडला: चाहत्यांनीच क्लबला कर्जरोख्यांतून पैसे द्यावेत. या ‘प्लाउ लेन बाँड’मध्ये व्याजाचा दर कर्ज देणाऱ्यानेच ठरवायचा होता, शून्य ते चार टक्के. काही आठवड्यांत पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. 3 नोव्हेंबर 2020 रोजी डॉनकॅस्टरविरुद्ध नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला, 2-2 बरोबरीत सुटला. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. पैसे घातलेली माणसं तो सामना घरी बसून पाहत होती. त्याच वर्षी या चाहत्यांपैकी अनेकजण टाळेबंदीत अडकलेल्या शेजाऱ्यांच्या दारात शिधा पोहोचवत होते.

मैदान आणि संघ यांची ताटातूट झाली की काय होतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण मँचेस्टरच्या उत्तरेकडचं बरी हे गाव. बरी एफसी 1885 चा, दोनदा एफए कप जिंकलेला. 1903 चा अंतिम सामना तर त्याने 6-0 ने जिंकला होता. डिसेंबर 2018 मध्ये हा क्लब एका पौंडाला विकला गेला. कर्जं होती, गिग लेन हे मैदान गहाण होतं. ऑगस्ट 2019 मध्ये बरी एफसी लीगमधून बाहेर काढला गेला. मग चाहत्यांत दोन तट पडले. एकाने नवा क्लब काढून शेजारच्या गावात भाड्याच्या मैदानावर खेळायला सुरुवात केली. दुसरा गिग लेन वाचवायच्या मागे लागला आणि 2022 मध्ये सरकारच्या सामुदायिक मालकी निधीची मदत घेऊन त्याने ते घेतलंही. आता एकाकडे संघ होता, दुसऱ्याकडे मैदान. विलीनीकरणाचं पहिलं मतदान फसलं. लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. 2023 मध्ये दुसऱ्या मतदानात दोन्ही संस्था एक झाल्या आणि चार वर्षं बंद पडलेल्या गिग लेनवर पुन्हा शिट्टी वाजली.

पोर्ट्समथच्या चाहत्यांनी 2013 मध्ये दिवाळखोरीतला क्लब विकत घेतला. एक शेअर हजार पौंडांचा. चार वर्षांनी त्यांनीच भरघोस बहुमताने तो डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांना विकला. 1899 चं फ्रॅटन पार्क दुरुस्त करायचा खर्च वर्गणीतून निघणार नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. याला मी हार मानत नाही. विकायचं की नाही आणि कोणाला, हे सभासदांनी मतदानाने ठरवलं.

मँचेस्टर युनायटेडवर ग्लेझर कुटुंबाने ताबा घेतल्यावर 2005 मध्ये काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. त्यांनी सामुदायिक शेअर्समधून वीस लाख पौंडांच्या आसपास रक्कम उभी केली आणि 2015 मध्ये मॉस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क बांधलं. तिथल्या मुलांचा स्थानिक क्लबही तीच मैदानं वापरतो. पण सार्वजनिक मोकळी जागा जाणार म्हणून मॉस्टनच्या काही रहिवाशांनी विरोध केला होता, आणि तो विरोध रास्त होता. पुढे 2016 मध्ये सभासद संचालकांवरच उलटले आणि मंडळ बदललं. सर्वसाधारण सभेतली ती रणधुमाळी आपल्याकडच्या कोणत्याही सहकारी बँकेच्या सभासदाला ओळखीची वाटेल.

जर्मनीत 1998 पासून क्लबच्या मूळ सभासद-संस्थेकडे निम्म्याहून एक मत अधिक असावंच लागतं. काही अपवाद आहेत, तरी नियम टिकला आहे. बर्लिनच्या युनियन क्लबचं स्टेडियम 2008-09 मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः राबून नव्याने उभं केलं. इंग्लंड उशिरा जागं झालं. 2025 च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबना त्याच्या मंजुरीशिवाय घरचं मैदान विकता किंवा सोडता येणार नाही. 1991 मध्ये हा कायदा असता तर विम्बल्डनची पुढची तीस वर्षं वेगळी गेली असती.

आपल्याकडे मालकांच्या निर्णयाने संघ नाहीसे झाल्याचं अनेकांनी पाहिलं आहे. पुण्याच्या चाहत्यांनी 2014 ते 2019 एफसी पुणे सिटीसाठी बालेवाडीत घसा फोडला. मग संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. 2016 मध्ये गोव्यातले धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. चाहत्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असा कुठला नियमही नव्हता. कोल्हापूरचं चित्र वेगळं आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल हे संघ पेठांचे आणि तालमींचे. पेठेच्या आधारावरच ते पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत आणि शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात. अशा संघाला कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही.

पण खेळायच्या जागेचं काय? महाराष्ट्रात शहराच्या विकास आराखड्यात मैदानांसाठी भूखंड आरक्षित असतात. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं. मैदान असं फायलीतच संपतं. प्लाउ लेनची अटही अशीच कागदावर निघाली. लोक रस्त्यावर जमले ते पुढे, क्लब निघाला तेव्हा.

तेव्हा आपल्या भागातल्या मैदानाचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका एकदा काढून पाहा. आराखड्यात त्यावर कोणतं आरक्षण आहे आणि ते किती जुनं आहे हे नगररचना विभागात विचारा. नवा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती व सूचनांची मुदत चुकवू नका. पत्र लेखी द्या, त्यावर पोच घ्या आणि सुनावणीला तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना सोबत घेऊन जा.