कांदा वाळवणी उद्योग: आधी खरेदीदार, मग यंत्र

कांद्याचे भाव पडले की बारीक कांदा आणि जोडकांदा बाजार समितीत नेण्याचे भाडेही निघत नाही. दुसरीकडे खुरपणी, काढणी संपली की गावातील महिलांच्या हाताला काम उरत नाही. हे दोन्ही प्रश्न वाळवणी उद्योगातून हलके होऊ शकतात. मात्र उद्योग नफ्यात चालला तरच.

जिल्ह्यातील उदाहरण

वैभव तिडके, निधी पंत व सहकाऱ्यांनी उभारलेली एसफोरएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात काम करते. महिला गावातच सौर वाळवणी यंत्रावर भाजीपाला वाळवतात. कंपनी तो माल विकत घेऊन अन्नप्रक्रिया उद्योगांना पुरवते. या कामाला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. यातून घेण्यासारखी गोष्ट यंत्रापेक्षा खरेदीची हमी ही आहे.

हिशेब असा मांडा

कांद्यात सुमारे ८६ ते ८८ टक्के पाणी असते. १० किलो कांद्यातून साल, देठ वजा जाता साधारण १.१ किलो वाळवण मिळते. कांदा १० रुपये किलोने घेतला, तर एक किलो वाळवणात कच्च्या मालाचाच खर्च सुमारे ९० रुपये होतो. भाव २५ रुपये झाल्यास तो २२५ रुपयांच्या पुढे जातो. त्यात मजुरी, पॅकिंग, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता मिळवा. महिलांची मजुरी ‘उरले तर देऊ’ अशी ठेवू नका. ती खर्चातच धरा.

सुरुवात करताना

- घरच्या घरी ५-१० किलोचा नमुना वाळवून किमान दोन खरेदीदारांना दाखवा.
- दर, ओलाव्याची मर्यादा आणि पैसे मिळण्याची मुदत लेखी घ्या. कांदा महागल्यास दर कसा बदलेल, हेही त्यात लिहा.
- काप ३ ते ५ मि.मी. जाडीचे, एकसारखे ठेवा. सडका कांदा वापरू नका.
- वाळवण गार झाल्यावरच हवाबंद भरा.
- एफएसएसएआय नोंदणी करा.
- प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. सद्यःस्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा.

अनुदान न धरताही हिशेब जुळत असेल, तरच यंत्र घ्या. तोट्यातला उद्योग महिलांना रोजगार फार दिवस देऊ शकत नाही.