कडक की मऊ? जालन्याच्या रस्त्यांवर गाडीच्या सस्पेन्शनची परीक्षा

जालना जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला तासाभरात तीन तऱ्हेचे रस्ते भेटतात. आधी समृद्धी महामार्गाचा काँक्रीटचा सरळसोट पट्टा, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. तिथून उतरून मंठा, भोकरदन किंवा घनसावंगीची वाट धरली की डांबरी रस्ता, मध्येच दबलेला, मध्येच फुगलेला, आणि गाव आलं की गतिरोधक. शेवटी शेताकडे जाणारा पाणंद रस्ता. पावसाळ्यात तिथे चिखल, उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या. पहिल्या रस्त्यावर जी गाडी भक्कम वाटते, तीच तिसऱ्यावर हाडं खिळखिळी करते. तिसऱ्यावर जी सुखाची, तिच्यात बसून समृद्धीवर भरधाव ट्रकला ओलांडताना पोटात गोळा येतो.

म्हणून ‘सस्पेन्शन कडक चांगलं की मऊ’ हा वाद या जिल्ह्यात संपत नाही. एक म्हणतो गाडी दणके देते, दुसरा म्हणतो गाडी हेलकावे खाते, आणि दोघंही खरं बोलत असतात. घोटाळा असा, की तीन-चार वेगवेगळ्या भागांच्या गुणदोषांना आपण ‘कडक’ आणि ‘मऊ’ या दोनच शब्दांत बसवतो. गाडीखाली वाकून पाहिलं तर स्प्रिंगचं काम वेगळं, शॉकअपचं वेगळं, टायरचं वेगळं. या सगळ्यांच्या वर बसलेलं असतं ओझं, आणि निम्मा निकाल तेच लावतं.

सुरुवात स्प्रिंगपासून करू. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि चाक वर उचललं गेलं तरी तो धक्का जसाच्या तसा बॉडीपर्यंत जाऊ देत नाही. ती किती मऊ, हे मोजायची सोपी रीत म्हणजे गाडीच्या वजनाने ती किती दबते ते पाहणं. साधी स्प्रिंग वजनाने २५ सेंटिमीटर दबत असेल, तर बॉडी सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते. ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड वेळा, सहा सेंटिमीटर असेल तर दोन वेळा. रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारी एक ते दीडच्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो, कारण माणूस चालताना त्याचं शरीर याहून फार वेगळ्या लयीत वरखाली होत नाही. लय दोनच्या वर गेली की प्रवासी कुरकुरू लागतात. सेकंदाला चार ते आठ कंपनं हा तर शरीराला सगळ्यांत जास्त जाचणारा पट्टा. पोट आणि पाठीचा कणा त्याच सुमाराला थरथरतात.

मग स्प्रिंग आणखी मऊ का करत नाहीत? पहिली अडचण जागेची. मऊ स्प्रिंगला दबायला आणि उसळायला अंतर लागतं. ते मिळालं नाही की खड्ड्यात ती पूर्ण दबते आणि आतला रबरी ठोकळा आदळतो. गॅरेजच्या भाषेत ‘खालून लागलं’. आपण ज्याला कडक गाडी म्हणतो ती कित्येकदा स्प्रिंगने कडक नसते, तिला दबायला जागाच पुरत नसते. दुसरी अडचण पोटाची. बॉडी फार संथ हलू लागली की लहान मुलांना गाडी लागते. जालन्याला लोक ‘सोने का पालना’ म्हणतात, पण पाळण्यासारखी झुलणारी मोटार वळणावळणाच्या रस्त्यावर कुणालाच मानवत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ओझ्याची. आपल्याकडची छोटी हॅचबॅक रिकामी असताना साधारण आठ-साडेआठशे किलो भरते. तिच्यात पाच माणसं आणि सामान धरून चारशे किलो चढले, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं ओझं झालं. अठराशे किलोच्या मोठ्या गाडीला तेच चारशे किलो पाव हिश्श्याहून कमी. त्यातही हे ओझं मुख्यतः मागच्या चाकांवर पडतं. मागच्या स्प्रिंगा एकट्या चालकाच्या सुखासाठी मऊ केल्या, तर लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या भाराने गाडी मागून बसेल आणि पहिल्याच गतिरोधकाला घासेल. कुटुंबाच्या हिशेबाने केल्या, तर एकटा माणूस मोंढ्यात निघाला की मागचा भाग उडेल. स्वस्त आणि हलक्या गाडीत हा ताण सर्वांत जास्त, म्हणून तिची राईड कडक असणं हा दरवेळी कंपनीचा कंजूसपणा नसतो.

याचं उघडं उदाहरण म्हणजे पिकअप. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि बागेतून बाजारात ती बहुतेक पिकअपनेच येते. हौद्यात दीड टन माल भरला की मागच्या पाट्यांवरचा, म्हणजे लीफ स्प्रिंगांवरचा, भार रिकाम्या गाडीच्या कितीतरी पट होतो. भार चौपट झाला तर झोक्यांची लय बरोबर निम्म्यावर येते. माल भरून येताना जी पिकअप शहाण्यासारखी चालते, ती माल उतरवून परतताना त्याच रस्त्यावर थडथड उडते, ते यामुळे. रस्ता फार खराब असेल तर भरलेल्या गाडीतही वरच्या थरातली फळं जास्त उसळतात आणि मार खातात. मार लागलेलं फळ लवकर नासतं, म्हणजे सस्पेन्शनचा हिशेब मोसंबीच्या भावातही उतरतो.

पाट्यांच्या दुकानात थोडा वेळ थांबलं की हे यंत्र जवळून कळतं. एकावर एक रचलेले, खाली खाली आखूड होत गेलेले पोलादी पाटे, मधोमध सेंटर बोल्टने आवळलेले, ॲक्सलला यू-बोल्टने जखडलेले. वरच्या लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे, त्यांत बुश, आणि एका टोकाला शॅकल, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्या लांबीला कुठेतरी जागा द्यावी लागते. पाटे एकमेकांवर घासतात, आणि ही घसटण त्यांचा गुणही आहे नि दोषही. तिच्यामुळे झोका थोडा आपोआप मरतो. पण रस्त्यावरची बारीक खडी आली की घासणारे पाटे जागचे हलतच नाहीत आणि सगळी थरथर सरळ सीटपर्यंत पोहोचते. गाडी सारखी भरून चालवणारे एखादा पाटा वाढवून घेतात. गाडी दबायची थांबते, पण रिकामी असताना तिचे दणकेही वाढतात.

जालना हे सळयांचं शहर. भंगार वितळवून बांधकामाच्या सळया काढणाऱ्या इथल्या भट्ट्या नि रोलिंग मिल साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण पाट्याचं पोलाद वेगळं. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, कारण ती वाकवता यायला हवी आणि भूकंपात ताणली जायला हवी. पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. तो तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा बेताने तापवून पाणी उतरवतात, म्हणजे लाखो वेळा वाकूनही तो सरळ होतो. खेड्यातल्या लोहाराला हे केव्हापासून माहीत आहे. जुना तुटका पाटा तो भंगारात जाऊ देत नाही, त्याचे कोयते नि कुऱ्हाडी करतो.

मोटारींतून मात्र पाटे हळूहळू हटले. अँबेसेडरला आणि प्रीमियर पद्मिनीला मागे पाटेच होते. पुढे छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आला, म्हणजे कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकच खांब. फोर्डमधले अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्या मोटारींत आली आणि आज आपल्या जवळजवळ प्रत्येक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत आहे. बोलेरोने मागचे पाटे सोडले नाहीत. गावाकडे ती टिकून राहिली त्यामागे हेही एक कारण आहे: पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो.

आता शॉकअप. स्प्रिंग धक्का साठवते, तो संपवत नाही. संपवायचं काम शॉकअपचं. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जाताना अडतं, नि झोक्याची ताकद उष्णतेत जाते. चाक वर येताना हा अडथळा कमी आणि स्प्रिंग उलगडताना जास्त ठेवायची पद्धत आहे, म्हणजे खड्ड्याची धडक सौम्य लागते आणि नंतरची उसळीही आवरते. भारतात हा उद्योग महाराष्ट्रातही मोठा झाला. गॅब्रिएल इंडिया 1961 मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली, आणि जालन्यापासून दीड-दोन तासांवरच्या वाळूजला एन्ड्युरन्स कंपनी दुचाकींचे शॉकअप बनवते.

जालन्याच्या डांबरी रस्त्यांवर कस लागतो तो शॉकअपचाच. या भागातली काळी कापसाची माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. अशी लाट बारा मीटरची असेल आणि गाडी ताशी ६० ने जात असेल, तर सेकंदाला जवळजवळ १.४ लाटा चाकांखालून जातात. मोटारीच्या बॉडीची लयही तीच. अशा वेळी शॉकअप थकलेले असतील तर प्रत्येक लाटेला झोका वाढत जातो, आणि चालकाला वाटतं की गाडी मऊ झाली. स्प्रिंग होती तशीच असते, गेलेला असतो शॉकअप. मिस्त्री लोक बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडतात. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा नाचली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलायला झाला.

काँक्रीटचं गणित उलट. आपल्याकडे काँक्रीटच्या रस्त्याला सर्वसाधारणपणे दर साडेचार मीटरवर आडवा सांधा देतात. ताशी १२० च्या वेगाने सेकंदाला सात-साडेसात सांधे चाकांखाली येतात, म्हणजे नेमका शरीराला जाचणारा पट्टा. सांधे सपाट असतील तर कळतही नाही. जरा वरखाली झाले असतील तर लांबच्या प्रवासात अंग आंबून जातं. इथे धक्का मिलिमीटरांचा असल्याने स्प्रिंगपेक्षा टायर आणि रबरी बुश यांचं काम जास्त. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. मोठ्या रिमवर पातळ बाजूचा टायर चढवला, की दिसायला गाडी रुबाबदार होते आणि ही पहिली स्प्रिंग आखूड होते. हवेचंही तसंच. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच-सात पॉइंट जास्त हवा मारून घ्यायची आणि सस्पेन्शन कडक आहे म्हणून ओरडायचं, हा प्रकार रोजचा आहे.

उंच गाड्यांच्या हौसेतून आणखी एक गोष्ट आली आहे. उंच गाडी वळणावर कलते. ती कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पीळदार सळई, म्हणजे अँटी-रोल बार, जाड ठेवतात. पण खड्डा बहुधा एकाच चाकाखाली येतो, आणि हा बार त्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो. मग बसलेल्याचं डोकं डावी-उजवीकडे हिसकतं. आजी-आजोबांना नव्या एसयूव्हीत मान दुखते ती या हिसक्यांनी, आणि ‘मऊ स्प्रिंग’ हा त्यावर इलाज नाही.

खराब रस्त्याचा विचार करून गाडी बनवायची तर काय होतं, याचा दाखला फ्रान्समध्ये आहे. सिट्रोएनची 2सीव्ही 1948 मध्ये पॅरिसला लोकांसमोर आली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची पाटी नेली तर एकही अंडं फुटता कामा नये, ही शेतकऱ्यांसाठीच्या त्या गाडीची अट होती. तिच्या स्प्रिंगा कमालीच्या मऊ आणि चाकांना वरखाली व्हायला जागा भरपूर. वळणावर ती एवढी कलायची की नवखा माणूस घाबरायचा, पण वेगच बेताचा असल्याने ते चालून गेलं. तिला समृद्धी महामार्गावर जायचं नव्हतं. आपल्या गाडीला दोन्हीकडे जायचं आहे, म्हणून आजचे अभियंते शॉकअपमध्येच तोड शोधतात. चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 आणि 2022 मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एन यांच्या शॉकअपमध्ये वारंवारितेनुसार अडथळा बदलणारी झडप आहे. बारीक, जलद थरथर आली की ती सैल पडते, आणि लांब, संथ झोका आला की आवळते. म्हणजे कडक की मऊ हा निर्णय कारखान्यात एकदाच न होता दर खड्ड्याला नव्याने होतो. अशा गाड्या स्वस्त नाहीत. बहुतेक घरांना ठरावीक स्प्रिंगा आणि साधे शॉकअप असलेल्या गाडीतच भागवायचं आहे.

अशा घराने गाडी निवडताना शोरूमच्या चाचणी-फेरीवर विसंबू नये. ती फेरी बहुधा चांगल्या रस्त्यावर, दोन माणसांत आणि पाच-सात मिनिटांत उरकते. तिच्यात स्प्रिंग कधी पुरती दबत नाही आणि शॉकअपला काम पडत नाही. घरातली सगळी माणसं बसवून गाडी न्यावी, आणि ज्याची तक्रार सर्वांत आधी येते त्याला मागच्या सीटवर बसवावं, कारण मागच्या चाकांचे दणके तिथेच लागतात. एकदा मोकळ्या रस्त्यावर वेगाने, एकदा रोजच्या फुटक्या रस्त्यावर. गतिरोधकावर खालून लागतं का, लाटेनंतर गाडी एका झोक्यात थांबते का आणि एका बाजूच्या खड्ड्यात मान किती हिसकते, एवढं पाहिलं तरी पुरे. शोरूमचा माणूस कुरकुरला तर कुरकुरू द्या. हप्ते भरणारे तुम्ही आहात, आणि पाणंदीवर ती गाडी चालवणारेही.