टोपलीतला वाटा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की यवतच्या पुढे भांडगाव लागतं. रस्त्यालगत कारखान्यांच्या शेड. भुलेश्वराच्या डोंगराकडे सरकावं तसं रान कोरडं होत जातं आणि भीमेकडे उतरावं तसा ऊस दाट होतो. शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. संध्याकाळी जुड्या बांधून, क्रेट भरून टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघतो. पहाटे कुणीतरी भाव ठरवतं आणि खर्च वजा होऊन पट्टी हातात पडते. खाणारा आणि पिकवणारा एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. त्यांची गाठ घालून द्यायचे प्रयत्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुणे-मुंबईच्या भोवती बरेच झाले. त्यांतलं काय टिकलं आणि काय विरून गेलं, हे आता पाहायला हरकत नाही.

भांडगावच्या शेजारच्या केडगावात याहून जुना एक अध्याय आहे, पण शेतीच्या इतिहासात तो कुणी मांडत नाही. पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. 1896-97 च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बायका तिथे आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध कडक झाल्यावर तर केडगावावाचून पर्यायच उरला नाही. माळावर विहिरी खोदल्या, भाजी, फळझाडं, धान्य लावलं. राबणाऱ्याही त्याच आणि खाणाऱ्याही त्याच. तिथे बाजाराचा भाव मध्ये येत नव्हता. रमाबाईंच्या या ‘मुक्ती’ मिशनची शेती आश्रमाची होती, ग्राहकांची नव्हे, हे खरं. तरी पीक बुडालं तर सगळ्यांचंच बुडणार, ही अट तिथे होती आणि पुढच्या साऱ्या प्रयोगांत नेमकी तीच अवघड ठरली.

पिकवण्याच्या पद्धतीच्या बाजूने पाहिलं तर महाराष्ट्राला बाहेरून फारसं शिकावं लागलं नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांनाच प्रयोग करायला लावले. पालापाचोळा, मुळांची वाढ, सूर्यप्रकाश यांचा हिशोब मांडायला शिकवलं. तेच सूत्र पुढे मुंबईत गच्चीवर पोचलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवून भाज्या आणि फळझाडं वाढवली. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्हज’ने मुंबईत स्वयंसेवकांच्या सामूहिक बागा उभ्या केल्या. शहरातला माणूस हाताला माती लावायला तयार आहे, हे त्यांतून सिद्ध झालं.

मात्र गच्ची वेगळी आणि चार एकर रान वेगळं. रविवारी येणारे स्वयंसेवक रोपं उत्साहाने लावतात आणि फोटोही छान येतात. मृगाचा पाऊस झाल्यावर मात्र तण रविवारची वाट पाहत नाही. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यातली खुरपणी शेजारच्या वस्तीवरच्या बायाच करतात, रोजाने. स्वयंसेवकांच्या शेतीच्या बहुतेक हकिगतींत या बायांचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो, आणि ते मला खटकतं. त्यांचा रोज ग्राहकाला मिळणाऱ्या भाजीच्या टोपलीच्या किमतीत धरलेला नसेल, तर त्या हिशोबात खोट आहे.

स्वयंसेवकाचं खरं काम बांधाच्या अलीकडे, शहरात आहे. मुंबईच्या ‘हरी भरी टोकरी’ने हे बरोबर ओळखलं. 2010 नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या या उपक्रमात सभासद हंगामाचे पैसे आधी भरायचे, जवळपासच्या सेंद्रिय शेतकऱ्यांचा माल यायचा आणि निवडणं, वाटण्या करणं, केंद्रांवर पोचवणं यात सभासदांतलेच लोक हातभार लावायचे. तेच काम पगारी माणसांवर टाकलं तर टोपलीचा भाव मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर जातो.

पुण्याच्या बाजूला वाट थोडी निराळी पडली. मुळशीतल्या माण-बोडकेवाडीच्या ज्ञानेश्वर बोडके यांनी ‘अभिनव फार्मर्स क्लब’ काढून पॉलिहाउसमधल्या फुलांकडून भाजीकडे मोर्चा वळवला आणि माल थेट पुण्यातल्या घरांत नेला. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. 2020 च्या टाळेबंदीत तर सोसायट्यांच्या फाटकापाशी शेतकऱ्यांचे टेम्पो उभे राहिले. टाळेबंदी उठली आणि बरीचशी गिऱ्हाइकं मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या भाजीकडे वळली. यांतल्या बहुतेक ठिकाणी फक्त दलाल वगळला गेला होता. जोखीम होती तिथेच, शेतकऱ्याच्या डोक्यावर, राहिली.

जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेइ’ नावाने आणि अमेरिकेत 1986 पासून ग्राहक-शेतकरी भागीदारीची जी चळवळ वाढली, तिचा गाभा आगाऊ पैशात आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बलुतेदारीतही सेवेचा मोबदला सुगीच्या पिकातून मिळे. पीक कमी तर बलुतंही कमी. त्या व्यवस्थेतली जातीची उतरंड पुन्हा नको, पण पिकाशी बांधलेला वाटा हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

कसोटी लागली ती 2023 साली. जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. ठरलेल्या दराच्या टोपलीत जुलैत शेतकऱ्याने मोह आवरायचा असतो आणि सप्टेंबरात सभासदाने. शेतकऱ्याला पहिलं जड जातं. मात्र सभासदाला दुसरं त्याहून जड जातं, कारण कोपऱ्यावर दहा रुपयांना मिळणारी वस्तू तो चाळीसला घेत असतो. गळती बाजार कोसळतो तेव्हा लागते, महागाईत कुणी सोडून जात नाही. शिवाय भाद्रपदात आठवड्यामागून आठवडे दुधी, दोडका, भोपळाच येतो. “तेच तेच काय पाठवता?” ही तक्रार अशा टोपलीला चुकलेली नाही.

दौंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. ‘फवारणी केली नाही ना?’ असं शहरातला ग्राहक आवर्जून विचारतो. पाणी कुठलं, असं विचारत नाही. खडकवासल्याचा कालवा दौंडवरून इंदापूरकडे जातो. शहराची तहान वाढली तशी शेतीची आवर्तनं लांबली आणि दर उन्हाळ्यात पुणे विरुद्ध दौंड-इंदापूर हा वाद ठरलेला. शहराने वापरलेलं पाणी मुळा-मुठेतून जलपर्णी घेऊन खाली येतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या कालव्यात सोडायची योजना झाली, पण त्या पाण्याच्या दर्जाबद्दलच्या तक्रारी मिटल्या नाहीत. जीवामृत, दशपर्णी अर्क, आच्छादन, कडेने झेंडूचं सापळा पीक हे सगळं केलं, तरी पाटातून येणारं पाणी एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. ते पुण्याच्या हातात आहे.

म्हणून भांडगावच्या बाजूला अशी शेती उभी करायची असेल, तर पुण्यातले सभासद रोपं लावायला आले नाहीत तरी चालेल. त्यांनी हंगामाचे पैसे जूनमध्ये भरावेत, सप्टेंबरात बाजार पडला तरी टोपली बंद करू नये, आणि आपल्या नगरसेवकाला शहराच्या सांडपाणी शुद्धीकरणाचं काय झालं, हे विचारत राहावं.