वरणाचे पाणी

गेल्या महिन्यात आमच्या एका व्यापारी स्नेह्यांच्या घरी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे आमंत्रण होते. पंगत मोठी, पक्वान्ने तीन, आणि अगत्यात काही उणे नव्हते. मंडळी बासुंदीच्या वाट्या रिकाम्या करीत असता, ज्या बालकासाठी हा सारा थाट मांडला होता त्याच्या वाटीकडे सहज आमची दृष्टी गेली. वाटीत वरणावरचे निवळ पाणी होते व त्यात भाताची चार शिते तरंगत होती. तासाभरापूर्वी त्याला चहात बुडविलेले एक बिस्कीट मिळाले होते, असे कळले. आम्ही आजीबाईंस विचारले, तेव्हा त्या मोठ्या मायेने म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, लेकरूच ते! त्याला जड कसे पचेल?" त्या घरात कशाची वाण नव्हती, मायेची तर मुळीच नव्हती. तथापि त्या दिवशी त्या भरल्या घरात एकच प्राणी अर्धपोटी होता, आणि तो म्हणजे उत्सवमूर्ती.

प्रस्तुत लेखाचा विषय ही वाटी होय. दारिद्र्यामुळे होणाऱ्या उपासमारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहावे लागेल. परंतु सुशिक्षितांच्या देखत, धान्याची कोठी भरलेली असता, केवळ समजुतीपायी जी उपासमार चालते, तिचा दोष सरकारवर किंवा पावसावर ढकलता येत नाही. तिचा विचार ज्याने त्याने आपल्याच स्वयंपाकघरात करावयाचा आहे.

हा प्रकार एका घरापुरता आहे असे कोणी समजू नये. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांस रक्तक्षय आहे. सबंध देशाचा विचार करता, सहा ते तेवीस महिने वयाच्या शंभर बालकांपैकी पुरेसा व चौरस आहार मिळणारी बालके अवघी ११ भरली. देशातील घरे काही शंभरांत ८९ दरिद्री नाहीत. तेव्हा उरलेल्या पुष्कळशा वाट्या पैशावाचून नव्हे, तर ज्ञानावाचून रिकाम्या आहेत, हे उघड होय.

आमच्या धंद्यात मुदतीच्या कायद्याचे महत्त्व फार आहे. हक्क कितीही खरा असो, दाव्याची मुदत टळली की न्यायालय दाद देत नाही. बालकाच्या वाढीचा दावाही असाच मुदतीचा आहे. मेंदूची व हाडांची वाढ जितकी पहिल्या दोन वर्षांत होते तितकी पुढे कधीही होत नाही. त्या अवधीत जे बुडाले ते पुढे बदाम आणि च्यवनप्राश चारून बहुधा वसूल होत नाही. यास्तव या दोन वर्षांचा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या सहा महिन्यांचा नियम अगदी सोपा आहे. आईचे दूध, आणि त्यावाचून दुसरे काहीही नाही. वैद्यांनी सांगितलेले औषध तेवढे अपवाद. जन्मानंतर तासाभराच्या आत मूल आईच्या अंगाशी लावावे. प्रथम येणारे घट्ट पिवळसर दूध, ज्यास चीक म्हणतात, ते रोगप्रतिकाराचे बाळाला मिळणारे पहिले कवच होय. ते पिळून टाकण्याची चाल जेथे उरली असेल तेथे ती आजच्या आज बंद व्हावी. उन्हाळ्यातदेखील तान्ह्या मुलास वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात शंभरांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. मधाचे बोट तर वर्षभर लावूच नये. मधात क्वचित् असे सूक्ष्म बीज असते की जे तान्ह्याच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे करणारे विष उत्पन्न करते. बाळगुटी उगाळण्याची सहाण आणि ते उगाळणारा हात कितीही श्रद्धेचा असला, तरी जंतू श्रद्धा पाहत नाहीत.

यावर काही स्नेही म्हणतील की, तुम्ही स्वत्वाचा अभिमान सांगता आणि आजीच्या बटव्याला नावे ठेवता. आमचे उत्तर असे की, पूर्वजांचा अभिमान धरावयाचा तर तो त्यांच्या डोळसपणाचा धरावा. सहाव्या महिन्यात मुलाचे उष्टावण करण्याचा संस्कार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आणि सहा महिने पुरे होताच आईच्या दुधाच्या जोडीला अन्न सुरू करावे, असेच आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. चांदीची वाटी आपण अजून बाहेर काढतो, सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो, छायाचित्रे घेतो; परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत काय पडते, याकडे मात्र कोणी पाहत नाही. संस्कार राहिला आणि आहार विसरला, असा हा प्रकार आहे.

आता मुख्य मुद्दा. सात-आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे पाव लिटर, म्हणजे एक मोठी वाटीभर ऐवज मावतो. ती वाटी आपण वरणावरच्या पाण्याने, भाताच्या पेजेने किंवा पातळ चहाने भरली, तर पोट भरते, मूल रडायचे थांबते, आणि घरातील मंडळींस वाटते की ते जेवले. वास्तविक डाळीतील सत्त्व तळाशी राहिले आणि मुलाच्या वाट्याला तिचे धुवण आले. व्यापारी वाचकांस हे सहज पटावे: गोदामाची जागा थोडी असेल, तर त्यात कोणी कोंडा भरून ठेवीत नाही, मोलाचा माल भरतो. लहान पोट हे लहान गोदाम होय. त्यात दाट अन्नच गेले पाहिजे. कसोटी साधी आहे: चमचा तिरपा केला असता जे अन्न ओघळून जाते ते पातळ, आणि जे चमच्यावर टिकते ते योग्य.

असे अन्न आणावयास बाजारात जावे लागत नाही. मऊ भात व मुगाचे घट्ट वरण एकत्र कुस्करून त्यावर चमचाभर साजूक तूप घातले की उत्तम आहार झाला. दोन-तीन भाग तांदूळ व एक भाग मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढून ठेवली, तर हवे तेव्हा खिमट शिजविता येते. पिकलेले केळे, पपई, उकडलेला लाल भोपळा, रताळे, बारीक चिरून वरणात शिजविलेली पालेभाजी, ताजे दही हे सर्व चालते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, शिजवून बारीक केलेली कलेजी सहा महिन्यांनंतर निःशंक द्यावी. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सुमारे सहा महिन्यांत आटतो, व या पदार्थांतील लोह शरीरात चांगले मुरते. शाकाहारी घरांनी डाळी व पालेभाजीवर लिंबू पिळावे. त्यातील आम्लामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र त्याच लोहाचा शत्रू आहे. तो मुलाच्या ओठांस लावू नये. वर्षाच्या आत वरून मीठ व साखर घालण्याची गरज नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकतात, म्हणून ती देऊ नयेत. दाण्याचे बारीक कूट अन्नात मिसळावे.

प्रमाणही सांगून ठेवतो. आरंभी दोन-तीन मोठे चमचे दिवसातून दोन-तीन वेळा. आठ महिन्यांपर्यंत वाढवीत दर वेळी अडीचशे मिलीलिटरच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा, शिवाय मधल्या वेळी एक-दोनदा फळ किंवा तसे काही. आणि हे सर्व आईच्या दुधाऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला. अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

दाट अन्न मूल गिळत नाही, अशी तक्रार येते. तीवर उपाय आपल्याच नाचणीत आहे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सुकवून, हलकीशी भाजून दळली, आणि ते पीठ चमचाभर दाट पेजेत कालवून पुन्हा एक उकळी आणली, तर पेज पाणी न घालता सैल होते. कारण मोडातील पाचक द्रव्य पिठुळपणा मोडून टाकते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात याच गुणाचा शास्त्रीय अभ्यास केला. नाचणीचे सत्त्व काढणाऱ्या आमच्या बायका ही विद्या आधीपासून जाणत होत्या. ती पुन्हा जागी करणे एवढेच आपले काम आहे.

आजारपणात तर उलटाच न्याय चालतो. हगवण लागली की मुलाचे खाणे तोडतात. वस्तुतः त्या वेळी अंगावरचे दूध व अन्न चालू ठेवावे, क्षार-साखरेचे पाणी पाजावे, वैद्यांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताचे औषध द्यावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण अधिक द्यावे. आगीने होरपळलेल्या रोपट्याचे पाणी तोडणारा माळी शहाणा नव्हे.

येथे आईला उपदेश करून थांबणे हा अन्याय होईल. दूध पाजणाऱ्या स्त्रीस पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अन्न अधिक लागते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले. आमच्या किती घरांत बाळंतिणीस सर्वांच्या आधी, गरम व पोटभर वाढले जाते? कित्येक घरांत तर बाळास सोसणार नाही या नावाखाली तिचेच ताट छाटले जाते. २०१७ साली कायद्याने प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची केली, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु दहांहून कमी माणसांच्या दुकानास ती बहुधा लागू होत नाही. ज्या व्यापाऱ्यांच्या दुकानी स्त्रिया काम करतात, त्यांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या हिमतीवर थोडी रजा व थोडी सवड द्यावी. दुकान त्याने बुडत नाही.

व्यापाऱ्यांशी आमचे आणखी एक बोलणे आहे. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी तेथील रोटरी क्लबापुढे, म्हणजे प्रतिष्ठित नागरिक व व्यापारी यांच्याच सभेत, 'दूध आणि खून' या नावाचे व्याख्यान दिले, आणि डबाबंद दुधाच्या खोट्या प्रचाराने मुले कशी दगावतात हे तोंडावर सांगितले. जगास ते पटावयास चार दशके लागली. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या मालाच्या प्रचाराविरुद्ध आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत केली; ते एक मत अमेरिकेचे होते. आपल्या देशाने मात्र १९९२ साली स्वतंत्र कायदाच केला. या कायद्यान्वये बाळाच्या डबाबंद दुधाची व दुधाच्या बाटलीची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू व प्रलोभने हे सर्व गुन्हे आहेत. दुधाच्या डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र छापता येत नाही. आणि २००३ सालच्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार अन्नासही जाहिरातबंदी लागू झाली. विक्रीस बंदी नाही, कारण आई नसलेल्या किंवा खरोखर गरज असलेल्या मुलास वैद्यांच्या सल्ल्याने तो डबा लागतो. त्यालाही बाटलीने न पाजता स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. परंतु गल्ल्यावर डब्याचा फलक लावणारा दुकानदार आपण कायदा मोडीत आहो हे बहुधा जाणतही नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आम्ही वकील या नात्याने सांगून ठेवतो. आणि बाळाच्या पोटापुढे तर ती मुळीच चालू नये, हे गृहस्थ या नात्याने.

सारांश, या कामी नवा निधी, नवी समिती किंवा नवा ठराव यांची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातील कर्त्या पुरुषाने दुकानातून आल्यावर वहीखात्याआधी त्या लहान वाटीत डोकवावे, आणि चमचा तिरपा करून पाहावा. आमच्या त्या स्नेह्यांनी पंगत उठल्यावर हेच केले. आजीबाई प्रथम रुसल्या. मग त्यांनीच वरणाचे पातेले ढवळले, तळचे घट्ट वरण घेतले, भात कुस्करला, तूप सोडले. नातवाने ती वाटी संपविली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. त्या हातापेक्षा मोठा पुरावा आम्ही आमच्या वकिलीत पाहिलेला नाही.