छत्री उघडल्यानंतर



गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या गावी पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराने हवाई छत्रीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी स्वतः विमानातून कधी उडी घेतलेली नाही, व यापुढे घेण्याचा संभवही नाही. परंतु गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बंधूंच्या नातीने, जी पुण्यास कॉलेजात शिकते, हवाई छत्रीचे शिक्षण घेण्याचा हट्ट धरला आणि घरात एकच गडबड उडाली. तिच्या आजीने विचारले, "आणि बाई, ती छत्री उघडलीच नाही तर?" या प्रश्नापुढे सारे निरुत्तर झाले, आणि घरातील वडील म्हणून निर्णय माझ्यावर सोपविण्यात आला. न समजलेल्या गोष्टीस होकार देणे जसे अयोग्य, तसेच नकार देणेही अयोग्य, असे मी वर्गात आजवर सांगत आलो. तेव्हा विषय समजून घेणे मला प्राप्तच झाले. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवितो.

पहिली गोष्ट ही की, आजीचा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो अर्धाच आहे. उडी घेणाराच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री नीट उघडली नाही तर ती तोडून टाकून दुसरी, म्हणजे राखीव छत्री, उघडावयाची असते. मनुष्य गांगरला किंवा बेशुद्ध झाला, तर ठराविक उंचीवर ती राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही विद्यार्थ्याच्या पाठपिशवीत बसविलेले असते. इतकी तजवीज असूनही अपघात होतात; आणि त्यांतील पुष्कळसे, छत्री उत्तम उघडल्यानंतर, जमीन अगदी जवळ आली असता, चालविणाराच्या हातून घडतात. म्हणून "उघडली नाही तर?" याच्या जोडीला "उघडल्यानंतर काय?" हेही विचारले पाहिजे.

हे ध्यानी येण्यास जुन्या व नव्या छत्रीतील भेद पाहावा लागेल. गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून जी छत्री सोडली, ती आपल्या पावसाळी छत्रीचीच थोरली बहीण होती. पुढे सैन्यात आलेली गोल छत्रीही तिच्याच वंशातली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाइलजवळ आपल्या दुसऱ्या पॅरा पलटणीचे जवान आकाशातून उतरले, ते अशाच गोल छत्र्यांनी. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, हे सांगताना मराठी मनुष्यास अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. गोल छत्री मनुष्याचे पडणे सावकाश करते, परंतु ती वाऱ्याबरोबर वाहते. तिला आपल्या मर्जीप्रमाणे नेता येते ते फारच थोडे.

नव्या छत्रीची कल्पना निघाली ती एका पतंग करणाऱ्याच्या डोक्यातून. डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकन कारागिराने १९६४ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. ही छत्री लांबट चौकोनी असते. कापडाचे दोन थर, एक वर व एक खाली; मधे उभे पडदे शिवून पाडलेले कप्पे; कप्प्यांची पुढील तोंडे उघडी आणि मागील बाजू शिवून बंद. पुढे जाताना हवा या तोंडांतून आत घुसते, कप्पे फुगतात आणि लुळ्या कापडाचा ताठ पंख बनतो. अशा छत्रीखाली लोंबकळणारा मनुष्य पडत नसतो, तो उडत असतो. शिकाऊ छत्री ताशी ३०-३५ किलोमीटर वेगाने पुढे सरकते आणि एक फूट खाली येताना सुमारे अडीच ते तीन फूट पुढे जाते. जिला वेग आहे, तिला वाहनाप्रमाणे चालवावे लागते. आणि हे वाहन मधेच थांबवून विचार करण्याची सोय नाही.

चालविण्याची साधने दोनच. पंखाच्या मागील कडेच्या डाव्या व उजव्या टोकांस बांधलेल्या दोऱ्या, आणि त्यांच्या शेवटास असलेल्या दोन मुठी. उजवी मूठ ओढली की उजवी कड वाकते, ती बाजू मंदावते व छत्री उजवीकडे वळते; डावी ओढली की डावीकडे. दोन्ही सारख्या ओढल्या की वेग कमी होतो. छत्री उघडताच पुरेशी उंची हाती असतानाच परीक्षा घ्यावयाची: पंख पूर्ण फुगला आहे काय, तो स्थिर आहे काय, दोन्ही बाजूंस वळतो व ओढल्यावर मंदावतो काय? या परीक्षेत छत्री नापास झाली, तर राखीव छत्रीचा निर्णय ठरलेल्या उंचीच्या वरच घ्यावयाचा. खाली आल्यावर घेतलेला शहाणपणाचा निर्णय पुष्कळदा निरुपयोगी ठरतो.

आता उतरण्याचे गणित पाहू. समजा, छत्रीचा वेग ताशी ३५ किलोमीटर आहे आणि वारा ताशी २० किलोमीटर वाहतो आहे. वाऱ्याकडे तोंड करून उतरल्यास जमिनीच्या मानाने वेग पस्तीस उणे वीस, म्हणजे पंधरा. वारा पाठीशी घेऊन उतरल्यास पस्तीस अधिक वीस, म्हणजे पंचावन्न. वेग चौपटीच्या आतच राहिला असे वाटेल. परंतु आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती तेरापटीहून अधिक होते. एकच मनुष्य, एकच छत्री, एकच शेत. फरक काय तो तोंड कोणीकडे होते एवढाच.

म्हणून उतरण्याचा मार्ग आधी आखलेला असतो. मैदानाच्या कडेने सुमारे १,००० फुटांवर वारा पाठीशी घेऊन जावयाचे. सुमारे ६०० फुटांवर काटकोनात वळून वाऱ्यास आडवे जावयाचे. आणि सुमारे ३०० फुटांवर पुन्हा काटकोनात वळून, वारा समोर घेऊन, सरळ उतरावयास लागावयाचे. वारा जोराचा असेल तर शेवटच्या टप्प्यात जमीन कमी कापली जाते, म्हणून शेवटचे वळण उतरण्याच्या जागेच्या अधिक जवळ घ्यावे लागते. वाऱ्याची दिशा मैदानावरील वातदर्शक पिशवीवरून, धुरावरून किंवा हलत्या पिकावरून ओळखता येते. आमच्याकडचा उंच ऊस वरून गालिच्यासारखा मऊ दिसेल, पण त्यात उतरणारास तो तसा वाटणार नाही. विजेच्या तारा तर वरून दिसतच नाहीत. खांबांची ओळ दिसली की तारा आहेत असेच धरून चालावे. झाडे, घरे यांच्या आडोशाची जागाही फसवी. त्यांना ओलांडून आलेला वारा त्यांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही दूर, गटांगळ्या खात असतो आणि त्यात पंखाची हवा जाऊ शकते.

आता सर्वांत घातक चुकीकडे वळू. जमीन जवळ आली, समोर अडथळा दिसला किंवा वारा उलटा आहे असे उमगले, की मनुष्याचा हात आपोआप एक मूठ जोराने ओढतो. छत्री वळते खरी, पण वळताना ती कलते, खालचा मनुष्य झोक्यासारखा बाहेर फेकला जातो आणि पंख नाक खाली करून सूर मारतो. त्यातून सावरण्यास उंची लागते, आणि नेमकी तीच शिल्लक नसते. बाजूने वारा घेऊन, किंवा पाठीशी वारा घेऊनही, पंख समतल ठेवून उतरलेला मनुष्य बहुधा लोळून, फार तर खरचटून, उठतो. वाऱ्याकडे तोंड करण्याच्या नादात खाली येऊन वळणारा कित्येकदा उठतच नाही. दिशा बदलणे भागच असेल तर दोन्ही मुठी निम्म्यापर्यंत ओढून, तेथून थोडेसे, सपाट वळण घ्यावे. आणि हे वळण वर, उंचीवर, पुष्कळदा गिरवून ठेवलेले असावे.

शेवटची क्रिया म्हणजे फ्लेअर. आमच्या घाटावर बसून बगळा उतरताना पाहावा. तो झपाट्याने येतो, आणि पाणी हातभर राहिले की पंख मागे वाकवून अंग उभे करतो. वेग गळून जातो व पाय अलगद टेकतात. छत्री चालविणारा हेच करतो. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही मुठी एकसारख्या, एका लयीत, शेवटपर्यंत खाली आणावयाच्या. पुढे जाण्याच्या वेगाचे रूपांतर क्षणभर वर उचलणाऱ्या शक्तीत होते. फार उशीर केला तर वेग शिल्लक राहतो. फार घाई केली तर पंख उंचावरच उडणे सोडतो आणि मनुष्य दगडासारखा पडतो. घाई झाली असे ध्यानात आल्यास मुठी पुन्हा एकदम वर सोडू नयेत, कारण सोडताच पंख पुढे सूर मारतो. आहेत तेथेच धरून, उरलेल्या जमिनीपाशी पुऱ्या कराव्यात. दृष्टी पायांखाली न ठेवता पुढे दूर ठेवावी, म्हणजे उंचीचा अंदाज चुकत नाही. आणि पडण्याच्या भयाने एक हात जमिनीकडे पुढे करू नये; त्या हातातील मूठ ओढली जाते व पंख त्याच बाजूस कलतो. पाय व गुडघे जुळवून, किंचित वाकवून ठेवावेत. टेकताना वेग उरलाच, तर पाऊल, पोटरी, मांडी, कुल्ला व पाठीची बाजू अशा क्रमाने लोळण घ्यावी, म्हणजे धक्का एका हाडावर न बसता सर्वांगात वाटला जातो.

या विद्येत आपल्या महाराष्ट्राच्या एका कन्येने जगभर नाव केले आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेऊन त्या १७,००० फुटांहून उंच असलेल्या कालापत्थरवर उतरल्या. या शेवटच्या उडीतील अवघडपणा किती, तो आकड्यांवरून पाहावा. तेवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन पंचमांश असते. विरळ हवेत तोच भार पेलण्यास पंखाला अधिक वेगाने जावे लागते. वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. खाली ताशी ३५ किलोमीटरने उतरणारी छत्री तेथे सुमारे ४५ किलोमीटरने उतरेल, तीही खडकाळ भूमीवर, धाप लागलेल्या माणसाला घेऊन. अशा ठिकाणी धैर्य पाहिजेच. पण फ्लेअर चुकला तर धैर्य हाडे वाचवीत नाही.

असो. आमच्या घरच्या निर्णयाकडे येतो. एवढे समजल्यावर मी नातीस बोलावून एकच प्रश्न घातला: "शंभर फुटांवर आलीस, आणि वारा पाठीशी आहे असे ध्यानात आले. काय करशील?" ती तत्काळ म्हणाली, "वळेन, आजोबा." मी म्हणालो, "मग तुला अजून परवानगी नाही." ती रागावून पुण्यास निघून गेली. दोन महिन्यांनी दिवाळीस आली, तेव्हा चहा घेता घेता आपण होऊनच म्हणाली, "आजोबा, वळणार नाही. पंख समतल ठेवीन, समोर मोकळी जागा पाहीन, फ्लेअर पुरा करीन आणि पाय जुळवून लोळेन. आणि वाऱ्याची दिशा हजार फुटांवरच पाहीन, म्हणजे तुमचा प्रश्नच येणार नाही."

तिची आजी शेजारीच बसली होती. तिला यातील किती कळले ते मी विचारले नाही. पण ती एवढेच म्हणाली, "उतरलीस की आधी मला फोन कर, मग इतरांना."

मी सही केली.