बेघर तरुणांचे रोजगार प्रशिक्षण : शहागंज ते चिकलठाणा

छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठेत अंगमेहनतीच्या कामाला कागदपत्रे लागत नाहीत. हमालीची किंवा हातगाडीची मजुरी संध्याकाळी हातात पडते, आणि घर नसलेला तरुण त्याच मजुरीवर रात्रीचे जेवण भागवतो. कारखान्यातली नोकरी आधार, बँक खाते आणि पत्ता मागते. म्हणून बेघरांच्या प्रशिक्षणाची पहिली पायरी निवारा हीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा उभारण्यास सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाखामागे किमान १०० जणांची सोय आणि प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा हा निकष घातला. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या सुमारे ११.७५ लाख होती. म्हणजे अकराशेहून अधिक जणांची सोय हवी. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचा दाखला आधार नोंदणीला चालतो आणि आधारवर बँक खाते उघडते. निवाऱ्याचे हे काम अंथरूण देण्याइतकेच मोलाचे आहे.

याच नागरी उपजीविका अभियानात कौशल्य प्रशिक्षण आणि नेमणूक हा स्वतंत्र घटक होता. शिकवणी मोफत, पण तेवढ्या महिन्यांची मजुरी बुडते. खरी गळती इथेच होते. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने ही उणीव विद्यावेतनाने भरली : बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. शाळा अर्ध्यावर सुटलेला मुलगा मात्र बारावीच्या अटीमुळे बाहेरच राहतो, आणि गरज सर्वाधिक त्याचीच असते.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत निवास, प्रशिक्षण आणि अर्थसाहाय्य मिळू शकते. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणही आहे.

शिकण्याची जागा शहरातच आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि सीएनसी यंत्रांचे काम शिकवतात. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांना असेच हात हवे असतात. मात्र तिथला पगार महिनाअखेरीस होतो. तोवरचे जेवण, बसभाडे आणि निवाऱ्यातली जागा टिकली, तरच मुलगा दुसऱ्या महिन्याच्या हजेरीवर दिसतो.